गुणाकाकीची हद्दवाढ

आमच्या करंजडोहात गुणाकाकीला भांडताना कोणी पाहिलेलं नाही. नळावर नाही, रेशनच्या रांगेत नाही, बांधावरही नाही. आवाज चढवायची तिला सवयच नाही. चौथीपर्यंत शिकलेली, अंगाने काटकुळी, साठीला आली तरी डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून सरळ चालत जाते. अशा बाईने आमच्या गावकीच्या प्रमुखाला, लडकूदादाला, एक शिवी न देता गावाबाहेर काढलं. ते कसं काढलं ते मी लिहून ठेवते आहे, कारण त्यातले बहुतेक अर्ज माझ्या हातचे आहेत. मी इथली अंगणवाडी सेविका. गावात कोणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येतात.

करंजडोह मुरबाडपासून दोन किलोमीटरवर. मधे ओढा आहे. ओढ्याच्या पलीकडे नगरपंचायतीची हद्द, अलीकडे आमचं गाव. गावाला ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे, पण जत्रा, लग्नातली भांडी, स्मशानातली लाकडं, भावकीतली भांडणं हे सगळं गावकी बघते. गावकीचा प्रमुख कोण, तर जो गावदेवीला पहिला नारळ देतो तो. वीस वर्षं तो नारळ लडकूदादाच्या हातात होता.

नारळातही मोठा मान राबाच्या नारळाचा. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरतात, वर माती टाकतात आणि ते भाजतात. त्याला राब म्हणतात. शिमगा झाल्यावर दुसऱ्या मंगळवारी गावदेवीला नारळ द्यायचा आणि मगच गावाने राब पेटवायचे. पद्धत चांगली आहे. सगळे एकाच दिवसापासून भाजतात, एकमेकांकडे लक्ष ठेवतात, आग डोंगरात जात नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी गुणाकाकीच्या नवऱ्याने, बाळारामकाकाने, सोमवारीच राब पेटवला. मंगळवारी सारिकाला, त्यांच्या एकुलत्या मुलीला, बघायला शहापूरकडचे पाहुणे येणार होते. घरात पाहुणे आणि शेतात आग, हे जमणार नाही म्हणून त्याने एक दिवस आधी उरकलं. त्याच रात्री गावकी बसली. लडकूदादाने देवीला बोकडाचा दंड सांगितला. बाळारामकाका उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, बोकड देतो. पण डोंगरामागचा तुमचा राब तर रविवारीच धुमसत होता. तुमच्या गड्यांनी पेटवला. मग दोन बोकड होतील, एक तुमचा, एक माझा."

लोक हसले. तेवढंच. ते हसणं लडकूदादाला झोंबलं. तो म्हणाला, "गावकीत देवीच्या समोर खोटं बोलतोस. तुझ्या घरचं पाणी आजपासून बंद."

म्हणजे वाळीत. आता त्याच्याविरुद्ध कायदा आहे, तेव्हा नव्हता, आणि असता तरी साक्ष द्यायला कोण उभं राहिलं असतं. मंगळवारी पाहुणे आले, त्यांना नाक्यावरच कोणीतरी गाठून सांगितलं, आणि ते चहाही न घेता परतले. दुकानदार काकीला सामान द्यायचा, पण शब्द बोलायचा नाही. लावणीला कोणी येईना. काका आणि काकी दोघंच चार खाचरं लावत बसायची. डोळखांबकडून कामाला उतरलेला गोमा ठाकर आणि त्याचे भाऊ तेवढे त्यांच्या शेतात यायचे. त्यांना आमच्या गावकीशी देणंघेणं नव्हतं.

दोन वर्षांनी भाद्रपदात बाळारामकाका शेतातच छातीला हात लावून बसला तो उठलाच नाही. पाऊस लागलेला. स्मशानातल्या शेडमध्ये सुकी लाकडं असतात, त्याची किल्ली लडकूदादाकडे. काकी भिजत त्याच्या ओट्यापाशी गेली. तो पान जुळवत होता. म्हणाला, "वैनी, मी एकटा कसा देऊ? गावकीला विचारावं लागंल."

गावकीला विचारता विचारता दुपार टळली. खांदा द्यायला कोणी आलं नाही. आमच्याही घरातून कोणी गेलं नाही. सासरे म्हणाले, आज गेलो तर उद्या आपली पाळी. मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले. शेवटी गोमा आणि त्याचे तीन भाऊ आले. काकीने स्वतःच्या गोठ्याची लाकडं काढून दिली. वरचे पत्रे काढून त्या चौघांनी पावसात धरून ठेवले, आणि काकाला त्याच्याच शेताच्या उंचवट्यावर अग्नी दिला. गट नंबर एकशे बारा.

तेव्हापासून काकी रोज संध्याकाळी दिवा लावून देवाला एकच गोष्ट मागायची. मी एकदा ऐकलं. "त्याच्या हातातला नारळ सुटलेला मला बघू दे. त्यानंतर ने." मला देवाकडे असं मागणं बरं वाटत नाही. पण तिला ते सांगायचं तोंड मला नव्हतं. वर्षभराने सासरे गेले, आणि मी तिच्याकडे जायला लागले. ती मला बाय म्हणते. त्या दिवसाबद्दल तिने मला कधी विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

सारिका पुढे आसनगावजवळच्या एका कारखान्यात लागली, तिथेच एका मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न करून राहिली. आईला म्हणायची, जमीन विक आणि माझ्याकडे ये. काकी म्हणायची, "येईन. माझं इथलं एक काम राहिलंय."

ते काम चालत घरी आलं, सुनिलच्या पायांनी. सुनिल हा लडकूदादाचा मुलगा, जमिनीचे व्यवहार करतो, बुलेटवर फिरतो. एका दुपारी तो काकीच्या अंगणात आला. मी तिथे तांदूळ निवडायला बसले होते. त्याने मोबाईलवर नकाशा काढला.

"काकी, सरळ सांगतो. आमच्या रस्त्याच्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय. बिल्डिंग टाकणार. पण त्याला जमीन नगरपंचायतीच्या हद्दीत पायजे. पाणी, परवानगी, सगळं तिथून सोपं."

"मग ने हद्दीत."

"तसं नाय होत. हद्दीला लागून असेल तेच घेतात. हद्द ओढ्यापर्यंत. ओढ्याला लागून तुमचा एकशे बारा, शेत आणि हे घर. मग आमचे एकशे तेरा, एकशे चौदा. मधला तुमचा नाय आला तर आमचं बेट होतं. बेट घेत नायत. मालकांनी मिळून अर्ज करायचा, तुमची सही लागेल."

काकी तांदळातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "बापाला पाठव."

"बाबा कशाला? मी आहे ना."

"जमीन कोणाच्या नावावर हाय?"

सुनिल मोबाईल खिशात घालून उठला.

पहिल्यांदा शकूकाकी आली, लडकूदादाची बायको. ती अंगणाच्या कडेला उभं राहून म्हणाली, "गुणा, झालं गेलं सोड. बाप्यांची भांडणं ती." काकी म्हणाली, "बाप्यालाच पाठव मग." मग आठ दिवस कोणी आलं नाही. नवव्या दिवशी लडकूदादा स्वतः आला. धुवट सदरा, हातात काठी. अकरा वर्षांनी त्याने त्या अंगणात पाय ठेवला.

काकीने खाट टाकली. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि पेला आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. वाळीतल्या घरचं पाणी जो पितो तो वाळीत जातो, हा आमच्याकडचा नियम, आणि तो घालणारा समोर बसलेला. लडकूदादाने पाण्याकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. मग पेला तोंडाला लावला.

"घोटभर आणखी घ्या," काकी म्हणाली. "उन्हाचे आलात."

त्याने तेही घेतलं. मग म्हणाला, "वैनी, तुजा पण फायदाच हाय. शहरात गेलीस की घरात नळ येईल."

"फायद्याचं मला काय कळतं, दादा. तुमी मोठे. पण मी एकटी बाई शहरात जाऊन काय करू? तुमचं घर इकडंच राहणार आणि माझं तिकडं. शेजार तुटंल."

"मग?"

"तुमच्या घराचा गट पण घाला. एकशे चौदाला लागूनच हाय, एकशे अठरा. सगळं सलग जाऊ दे. मी सही करते."

लडकूदादा हसला. त्याला वाटलं बाई नमली, शेजार मागते आहे. मागे उभा असलेला सुनिल खूश झाला, कारण घराखालच्या जमिनीचा भावही चढणार होता. तो म्हणाला, "बाबा, काकी बरोबर बोलते. एकदाच काम होईल." काकीने तेव्हा सही केली नाही. म्हणाली, "आधी मी हापिसात विचारून येते. अडाणी माणूस मी."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन नगरपंचायतीत गेली. तिथल्या लिपिकाने, मनोज नाव त्याचं, सगळं नीट समजावलं. आधी मालकांचा एकत्र अर्ज, प्रत्येकाचं संमतीपत्र, सातबारा, मोजणीचा नकाशा, चारी बाजूंना काय आहे ते लिहिलेलं. मग नगरपंचायतीच्या सभेचा ठराव. गावाच्या ग्रामसभेचा ठराव. मग प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून मंत्रालयात. सरकार आधी कच्ची अधिसूचना काढतं आणि हरकती मागवतं. तीस दिवस. कोणाची हरकत आली तर सुनावणी, नाही आली तर पक्की अधिसूचना. ती राजपत्रात छापून आली की जमीन शहरात.

काकीने मान हलवत सगळं ऐकलं. शेवटी एकच विचारलं. "साहेब, ज्याचं राहतं घर शहरात गेलं, त्याचं नाव गावच्या मतदार यादीत राहतं का?"

"नाही मावशी. तिकडचं नाव कमी होतं, इकडच्या प्रभागात येतं. दोन्हीकडे कसं राहील?"

"हां," काकी म्हणाली. "मग बरं."

एसटी स्टँडवर ती बाकड्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी तिला इतक्या वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. मला तोवर कळलं नव्हतं. तिने सांगितलं.

गावकीची एक वही आहे. सात-आठ वर्षांपूर्वी लडकूदादाचा चुलतभाऊ, कल्याणला नोकरी केलेला, निवृत्त होऊन जत्रेला आला आणि म्हणाला, वडिलांकडून नारळाचा मान माझ्याकडे येतो. तेव्हा लडकूदादाने एका बैठकीत नियम करून घेतला आणि वहीत लिहून खाली सही केली: ज्याचं नाव करंजडोहच्या मतदार यादीत नाही, त्याला गावकीत बोलायचा हक्क नाही आणि देवीच्या नारळाचा मान नाही. चुलतभाऊ गेला तो परत आला नाही. पण वही दरवर्षी देवीसमोर वाचतात. काकी वाळीतली, तिला देवळाच्या कट्ट्यावर चढता येत नव्हतं. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकायची. सगळे नियम तिला पाठ होते.

"काकी," मी म्हटलं, "पण तुझंही नाव जाईल गावातून."

"माजं गावात होतं कधी, बाय?"

मी अर्ज लिहिला. मा. मुख्याधिकारी यांस. विषय, आमच्या मालकीच्या जमिनी नगरपंचायत हद्दीत समाविष्ट करून मिळणेबाबत. खाली गट नंबर: एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा, एकशे अठरा. संमतीपत्रावर काकीने आपलं नाव जोडून जोडून लिहिलं, गुणाबाई बाळाराम, आणि तिचं झाल्यावर लडकूदादाने ऐटीत सही मारली.

ग्रामसभेत ठरावाला अडचण आली असती. गावची जमीन शहरात गेली की घरपट्टी जाते, सरपंचाला ते नको होतं. पण लडकूदादाने स्वतः उभं राहून सांगितलं, "गावाचं काय जात नाय. चार गटांचा प्रश्न हाय. हात वर करा." हात वर झाले. वीस वर्षं होत आले होते तसेच झाले. काकी मागच्या भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळ्यांच्या नंतर हात वर केला.

प्रस्ताव वर गेला आणि दीड वर्ष काही हललं नाही. सुनिल दर महिन्याला ठाण्याला फेऱ्या मारायचा. काकीला घाई नव्हती. ती भात लावायची, कापायची, संध्याकाळी दिवा लावायची. मग एका श्रावणात नोटीस आली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक, तलाठी कार्यालयात एक. चार गट, चतुःसीमा, आणि खाली, हरकती असल्यास तीस दिवसांत लेखी सादर कराव्यात.

आता गावात काय झालं ते लिहिते. आमच्या गावाला वही माहीत आहे. फळ्यासमोर जो उभा राहिला त्याने एकशे अठरा वाचलं, आणि एकशे अठरा कोणाचं घर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे सगळ्यांना कळलं. आणि कोणी लडकूदादाला सांगितलं नाही. रोज सकाळी त्याच्या ओट्यावर पाच-सहा माणसं बसायची, चहा प्यायची, पावसाच्या गप्पा मारायची आणि उठून जायची. लेखी हरकत तर दूर, तोंडाने कोणी चकार शब्द काढला नाही.

हिराजीकाका म्हणजे गावकीतला दोन नंबरचा. पंधरा वर्षं लडकूदादाच्या मागे ताट धरून उभा राहिलेला. त्याने चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली आणि थेट काकीच्या दारात आला. आत आला नाही.

"वैनी, घराचा गट पण हाय त्यात."

"हाय."

"दादाला ठाऊक असंल ना, वहीत काय लिवलंय?"

"लिवणाऱ्याला ठाऊक नसंल तर कोणाला असंल, भावजी?"

हिराजीकाकाने चष्मा काढून खिशात घातला. "मी काय बोलू त्याच्यात," असं म्हणाला आणि गेला. काकी मला म्हणाली, "बघ. ह्याच माणसाला मी बाळारामच्या वेळी विचारलं होतं, खांद्याला येता का. तेव्हा पण हेच बोलला होता. मी काय बोलू त्याच्यात."  त्या दिवशी तिचा राग एका घरावरून सरकून सगळ्या गावावर गेला, असं मला वाटलं.

पंचविसाव्या दिवशी शकूकाकी अंगणवाडीत आली. तिला बारीक अक्षर दिसत नाही. फळ्यावरच्या नोटिशीचा कोणीतरी मोबाईलमध्ये काढलेला फोटो तिच्याकडे होता. "वाच गो जरा, काय लिवलंय."

मी वाचलं. सगळे गट वाचले, एकशे अठराही वाचला, मुद्दाम सावकाश.

"म्हणजे आमचं घर गावातून जाणार?"

"कागदावर शहरात जाणार," मी म्हटलं.

"मग यांच्या नारळाचं काय?"

बाईमाणसाच्या बरोबर लक्षात आलं. मी म्हटलं, "दादांना विचारा." एवढंच. वहीचं बोलले नाही. देवासमोर मला याचा जाब द्यावा लागेल, तेव्हा देईन.

शकूकाकीने घरी जाऊन विचारलं. पुढचं तिनेच नंतर मला सांगितलं. लडकूदादा जेवत होता, तो हसला. म्हणाला, "कागदाची शीव येगळी, गावकीची शीव येगळी. नारळ काय नगरपंचायत देते? नारळ मी देतो. गावकी म्हणजे मी." शकूकाकी म्हणाली, तरी पण एक कागद देऊन घराचा नंबर काढून घ्या. तो म्हणाला, "सुनिलने त्या गिऱ्हाइकाला शब्द दिलाय. आणि गुणा मला हसंल. तिच्या घरचं पाणी पिऊन आलो मी." पाणी प्यायल्याची लाज त्याला नारळापेक्षा जवळची वाटली.

तीस दिवस संपले. एकही हरकत नाही. पौषातली म्हशाची जत्रा आटोपून लोक परतत होते तेव्हा पक्की अधिसूचना निघाली. सुनिलने रस्त्यावर फटाके लावले. लडकूदादाच्या घरावर नगरपंचायतीचा नंबर आला, काकीच्या घरावरही आला. शिमग्याच्या आधी मतदार यादी नव्याने लागली. त्यात तो नव्हता, शकूकाकी नव्हती, सुनिल नव्हता, गुणाकाकी नव्हती.

शिमग्यानंतरचा दुसरा मंगळवार. सकाळी नऊ वाजता गाव देवळापाशी जमलं. मीही गेले. लडकूदादा नवीन फेटा बांधून आला, कट्ट्यावर चढला आणि त्याने नारळासाठी हात पुढे केला. दरवर्षी हिराजीकाका ताटातून नारळ उचलून त्याच्या हातात द्यायचा. या वेळी नारळ ताटातच राहिला. हिराजीकाका म्हणाला, "आधी वही वाचू दादा. रीतीप्रमाणं."

"वाच की."

हिराजीकाकाने वाचायला सुरुवात केली. पाणी, गुरं, लाकडं, जत्रा. मग तो त्या पानावर आला. एक एक शब्द सुटा करून वाचलं. खालची सही वाचली. तारीख वाचली. मग वही मिटली नाही, उघडीच धरून म्हणाला, "दादा, यादीत तुमचं नाव नाय. मी तीनदा बघितलं."

 लडकूदादाने लोकांकडे बघितलं. ज्यांच्या बांधाचे वाद त्याने मिटवले होते, ज्यांच्या लग्नात त्याच्या हाताने अक्षता पडल्या होत्या, ते सगळे खाली बघत होते. तो म्हणाला, "हा नियम मी बाहेर राहणाऱ्यांसाठी केला होता. माझ्यासाठी नाय."

"तसं लिवलं नाय, दादा," मागून कोणीतरी म्हणालं.

तो थोडा वेळ हात पुढे करूनच उभा होता. मग हात खाली आला. हिराजीकाकाने नारळ उचलला आणि स्वतः दिला. लडकूदादा कट्ट्यावरून उतरताना कोणी त्याचा हात धरला नाही. काठी घरी राहिली होती, त्यामुळे त्याला बसून उतरावं लागलं.

काकी रस्त्याच्या कडेला तिच्या नेहमीच्या जागी उभी होती. तिने सगळं बघितलं. लडकूदादाचा घरचा रस्ता तिच्यासमोरूनच जातो. तो तिच्यापाशी थांबला.

"तुला ठाऊक होतं."

"हां."

"सही करताना?"

"सही करायच्या आधी, दादा. म्हणून तर घराचा गट मागितला."

"मग बोलली का नाय?"

"गाव तीस दिवस वाचत होतं. कोण बोललं तुमाला?" काकीचा आवाज तेव्हाही चढला नाही. "मी पण तुमच्या ओट्यापाशी उभी होती, दादा, पावसात. किल्ली तुमच्या कनवटीला होती, मला दिसत होती. तुमी गावकीला विचारता बोललात. विचारलंत का कोणाला?"

त्याने फेटा काढून हातात घेतला आणि चालायला लागला. काकी त्याच्या पाठीकडे बघत राहिली, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत. त्या दिवशी ती दोन भाकऱ्या जास्त जेवली, असं तिनेच मला सांगितलं.

चार दिवसांनी हिराजीकाका दोन माणसं घेऊन तिच्याकडे आला. नवीन प्रमुख झाला होता, उदार व्हायची हौस होती. म्हणाला, "वैनी, गावकीने ठरवलंय, तुमचं वाळीत उठवलं. जत्रेला या. मानाने बोलावतो."

"कोणाचं वाळीत?"

"तुमचं."

"मी तुमच्या गावची नाय, भावजी. प्रभाग पाचची मतदार हाय मी. तुमच्या यादीत बघा, तीनदा बघा." तिघंही ओशाळून गेले. मला त्यांची दया आली नाही, हे खरं सांगते.

मला वाटलं, आता झालं. देवाने तिचं ऐकलं, आता ती सारिकाकडे जाईल. सारिकाने खोलीही झाडून ठेवली होती. लडकूदादा तर घराबाहेर येईनासा झाला होता. ओट्यावर चहाला कोणी येत नव्हतं. सुनिलचं गिऱ्हाईक रस्त्याच्या जमिनीचं बोलत होतं, पण म्हातारा कशावरच सही करत नव्हता. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असतो, असं शकूकाकी सांगायची.

वैशाखात काकीने मला बोलावलं. ओट्यावर कोरा कागद, पेन आणि नगरपंचायतीचं एक छापील पत्रक ठेवलेलं. पत्रकावर शहरातल्या अतिक्रमणाबाबत सूचना होत्या.

"बाय, बस. एक अर्ज लिव. त्याचा गोठा रस्त्यात दोन हात पुढं आलाय. गावात चालायचं. आता शहराचा रस्ता हाय तो."

"काकी, त्याच्या गोठ्यात आता एक म्हातारी गाय आहे फक्त."

"गायीला काय करत नाय मी. भिंत मोजायला लाव बोलते."

"काकी," मी म्हटलं, "पुरे आता. तू मागितलंस ते देवाने दिलं. माणूस मेल्यात जमा झालाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, जरा नवलानेच.

"माज्या गोठ्याची लाकडं गेली होती, बाय. पत्रे काढले होते. त्या पावसाळ्यात माजी गुरं उघड्यावर होती, दोन मेली. ते कोणी मोजलं नाय. तुजं पुरं झालं असंल, माजं नाय झालं."

 मी पेन उचललं नाही. तिने ओळखलं. तिने कागद आपल्याकडे ओढला, मांडीवर पाट घेतला आणि स्वतः लिहायला बसली. पहिल्या ओळीला मा. मुख्याधिकारी यांस असं लिहितात, हे तिला इतक्या अर्जांनी शिकवलं होतं. विषय लिहिला. गट नंबर लिहिला. एक एक अक्षर थांबून, ओठ हलवत. मी तिथेच बसून होते. तिने मला काही विचारलं नाही. दुपार होईतो अर्धं पान झालं. तिने खाली नाव लिहिलं, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पायात चपला घातल्या आणि मुरबाडला जाणाऱ्या टमटमसाठी नाक्याकडे चालायला लागली.